फोंड्यातल्या घरी हाय-रेझोल्यूशन संगीत ऐकायचंय. महागडा डॅक (डिजिटल फाइलचं स्पीकरला लागणाऱ्या विद्युत संकेतात रूपांतर करणारं यंत्र) घ्यावा की स्पीकर बदलावेत?

स्पीकरच बदला. आणि त्याआधी खोलीकडे बघा. सीडीचा 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झ (सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने) हा दर्जा सुमारे 22 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज टिपतो. माणसाचा कान साधारण 20 च्या पुढे जात नाही. म्हणून 24 बिट, 192 किलोहर्ट्झची हाय-रेझोल्यूशन फाइल घेतलीत तरी कानाला जाणवेल तो मुख्यतः मूळ ध्वनिमुद्रणाचा फरक. केसरबाई केरकरांच्या 78 आरपीएम तबकडीवरचं गाणं कितीही मोठ्या फाइलमध्ये भरा, तबकडीत नव्हतं ते त्यात येणार नाही. आणि तरीही ऐकताना अंगावर काटा येतोच!

आपल्या गोव्यातल्या घरांत खरी अडचण म्हणजे लादीची जमीन आणि मोकळ्या भिंती. आवाज घुमतो, तानेतले स्वर एकमेकांत मिसळतात. जाड गालिचा घाला, पडदे लावा, पुस्तकांचं कपाट त्याच खोलीत ठेवा, स्पीकर भिंतीपासून दोनेक फूट पुढे ओढा. पावसाळ्यात दमटपणाने कनेक्टर गंजतात. यंत्रणा अधूनमधून चालू ठेवा. डॅक साधा चालेल. विंडोजवर प्लेअरमध्ये एक्सक्लुझिव्ह मोड (प्लेअर विंडोजचा मिक्सर टाळून आवाज थेट डॅकला पाठवतो ती सोय) मात्र चालू करा, नाहीतर सगळ्या फाइल एकाच सॅम्पल रेटला बदलून वाजतात.