राष्ट्रीय संस्कृती म्हणून काय घडवावं आणि काय जपावं?

इतक्या भाषांच्या देशात 'राष्ट्रीय' म्हणून नेमकं काय घडवावं आणि जपावं, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते, भारतीय भाषांची एकमेकींशी थेट देवाणघेवाण. ती आपोआप होत नाही, कुणालातरी त्यासाठी आयुष्य घालावं लागतं.

साने गुरुजींनी ते घातलं. 1930 च्या सत्याग्रहात ते त्रिचनापल्लीच्या तुरुंगात होते. तिथे ते तमिळ शिकले, बंगाली शिकले आणि तमिळ कवी तिरुवळ्ळुवरांचं 'कुरळ' मराठीत आणलं. शेवटच्या वर्षांत त्यांना आंतरभारतीचा ध्यास लागला होता: एका प्रांताच्या माणसांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, तिथलं साहित्य आपल्याकडे आणावं. 1950 साली ते गेले. स्वतंत्र भारतासाठी मराठीतून मांडला गेलेला इतका मोठा विचार दुसरा मला ठाऊक नाही, आणि आपण तो जवळजवळ विसरलो याचं मला फार वाईट वाटतं.

उलट दिशेनेही हेच झालं. शिरोड्याच्या शाळेत शिकवणाऱ्या वि. स. खांडेकरांच्या कादंबऱ्या का. श्री. श्री. यांनी तमिळमध्ये नेल्या आणि तिकडच्या वाचकांनी त्या डोक्यावर घेतल्या. आणि इकडे, कर्नाडांचं कन्नड नाटक 'तुघलक' मराठीत आणलं तेंडुलकरांनी.

पण सगळ्यात मोठं उदाहरण उमा कुलकर्णी आणि विरूपाक्ष कुलकर्णी या अनुवादक दांपत्याचं. उमाताईंना कन्नड समजायची, पण लिपी वाचता येत नव्हती. मग विरूपाक्ष कन्नड कादंबरी मोठ्याने वाचून टेपवर ध्वनिमुद्रित करून ठेवत आणि उमाताई ती ऐकत ऐकत मराठीत उतरवत. भैरप्पा, शिवराम कारंत हे कन्नड कादंबरीकार मराठी घरांत पोचले ते असे. विरूपाक्षांनी मराठी पुस्तकं कन्नडमध्ये नेली. बेळगावच्या प्रश्नावर दोन्ही राज्यं 1956 पासून भांडताहेत. त्याच काळात मराठी वाचक भैरप्पांची 'वंशवृक्ष' आपल्याच घरातली गोष्ट असल्यासारखी वाचत होता. सीमावादातला मराठी माणसाचा मुद्दा मी सोडत नाही. पण शेजाऱ्याच्या घरात श्राद्ध कसं होतं, सून सासऱ्याशी कशी बोलते हे कादंबरीतून कळलेलं असलं, की भांडतानाही त्याच्याकडे माणूस म्हणून बघता येतं.

जपायचं म्हणजे काय? साहित्य अकादमी 1954 पासून आहे, ती 24 भाषांत काम करते, अनुवादाला पुरस्कारही देते. ते हवंच. पण दुकानात जाऊन बघा: मराठी अनुवादांच्या कपाटात इंग्रजीतून आलेली पुस्तकं रगड, उडिया किंवा आसामीतून थेट आलेलं एखादं शोधावं लागतं. आलंच तर बऱ्याचदा हिंदी किंवा इंग्रजीच्या मार्गाने, म्हणजे दोनदा गाळून. थेट अनुवाद करणारी माणसं तयार करणं, त्यांना जगण्यापुरतं मानधन देणं, त्यांचं नाव मुखपृष्ठावर लेखकाच्या नावाखाली ठळक छापणं, एवढं तरी व्हावं.

आणि शाळा. 2025 मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून वाद पेटला, जूनअखेरीस सरकारने शासन निर्णय मागे घेतले. सक्तीला विरोध झाला तो मला योग्यच वाटला. मात्र थोड्या मोठ्या वयात, हौसेने, गडहिंग्लजच्या मुलाला कन्नड, देगलूरच्या मुलीला तेलुगू, नवापूरच्या मुलाला गुजराती शिकायची सोय व्हावी, ही मागणी त्या गदारोळात मला फारशी ऐकू आली नाही. मी ती करतो आहे.