साथीत तरुण मुलं नियम पाळतात ती कशामुळे? दंडाच्या भीतीने?

दंडाचा वाटा असतो, पण मुख्य कारण तो नाही. विशीतल्या धडधाकट माणसाला कोविडमध्ये स्वतःच्या जिवाची भीती कमीच होती. त्यापेक्षा ‘माझ्यामुळे आजीला नको’ हा विचार जास्त काम करतो.

झुरिचमध्ये शाळेपासून ज्यांचा अभ्यास सुरू होता, अशा तरुणांना एप्रिल २०२० मध्ये, बाविशीत, याबद्दल विचारलं गेलं. एकूण नियम बहुतेकांनी पाळले. ढिलाई होती ती मोबाइल पुसण्यासारख्या स्वच्छतेच्या काही नियमांत आणि दीड-दोन मीटर अंतर राखण्यात. नियम मोडणाऱ्यांत मुलगे जास्त होते. ज्यांचा आत्मसंयम कमी आणि कायद्याविषयी साथीआधीपासूनच तुच्छता, तेही जास्त. अशांना पोस्टर दाखवून उपयोग नाही.

म्हणून ‘भेटू नका’ऐवजी ‘चौघंच भेटा, उघड्यावर, मास्क लावून’ असं सांगावं. पर्याय दिला की लपूनछपून, बंद खोलीत जमणं कमी होऊ शकतं.

सवलतीचं आमिष चालतं, फक्त ती हाताशी हवी. मुंबईत १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस आणि वर १४ दिवस झालेल्यांना लोकल खुली झाली. पण १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण सुरूच झालं १ मे रोजी, आणि कोविशील्डच्या दोन डोसांत किमान ८४ दिवस. १ जूनला तिचा पहिला डोस घेतलेल्याला या सवलतीत ७ सप्टेंबरच्या आत लोकल मिळणं शक्यच नव्हतं, मग त्याने नियम कितीही पाळले असोत.