मॉडच्या दोन रेघा जातात कुठे?

प्रश्न : मॅडम, य′ = २क्ष·य हे अवकल समीकरण सोडवताना आमचे सर लॉग|य| = क्ष² + क असं लिहितात आणि पुढच्याच ओळीत य = अ·ई^(क्ष²). मधला मॉड (य-भोवतीच्या दोन रेघा, म्हणजे चिन्ह सोडून किंमत) गेला कुठे? मैत्रिणीच्या पुस्तकात तर मॉड मुळातच नाही, तरी उत्तर तेच येतं. मग तो लिहायचा कशाला? आणि अ ऋण असला तर चालतो का?
— बी.एस्सी.ची एक विद्यार्थिनी

उत्तर : चालतो. अ शून्य असला तरी चालतो, आणि खरी गंमत तिथेच आहे. सरांचं उत्तर बरोबर आहे, फक्त त्या दोन ओळींच्या मधलं बरंच काही फळ्यावर आलेलं नाही. ते आधी लिहून काढू.

लॉग (ई या पायावरचा) काढला की |य| = ई^क·ई^(क्ष²), म्हणजेच य = ±ई^क·ई^(क्ष²). हे ± बघून पुष्कळ मुलांना वाटतं की काही क्ष-साठी अधिक घ्यावं, काहींसाठी उणे. तसं करता येत नाही. य हे सतत फल आहे. त्याला धनाकडून ऋणाकडे जायचं तर वाटेत शून्य व्हावंच लागेल, आणि उजवी बाजू तर कधीच शून्य होत नाही. म्हणून एका उकलीला सगळीकडे एकच चिन्ह. मग ±ई^क हा सरळ एक स्थिरांक झाला, त्याला अ म्हणायचं.

पण ई^क कधी शून्य होत नाही, तेव्हा हा अ सुद्धा शून्य नाही. उलट य = ० मूळ समीकरणात घालून पाहा : दोन्ही बाजू शून्य, म्हणजे तीही उकल आहे. ती हरवली पहिल्याच ओळीत, आपण य-ने भागून य′/य = २क्ष केलं तेव्हा. भागताना ‘य ≠ ०’ लिहायचं आणि य = ० वेगळं तपासायचं. पेपर तपासताना मी मॉडपेक्षा या ओळीकडे जास्त बारकाईने बघते. ती असेल तरच ‘अ कोणतीही वास्तव संख्या’ असं म्हणण्याचा हक्क मिळतो.

आता मैत्रिणीचं पुस्तक. हा वाद जुना आहे. १७१२-१३ मध्ये योहान बर्नोली आणि लायबनिझ या गणितज्ञांत ऋण संख्यांच्या लॉगवरून पत्रापत्री झाली. बर्नोलीचं म्हणणं : लॉग(−क्ष) आणि लॉग क्ष, दोघांचंही डेरिव्हेटिव्ह १/क्ष, म्हणून दोन्ही समान. पुढे १७४९ साली गणितज्ञ ऑयलरने चूक दाखवली : डेरिव्हेटिव्ह सारखे असले तर दोहोंत एका स्थिरांकाचा फरक असू शकतो. संमिश्र संख्यांत तो फरक खरोखर असतो, पाय गुणिले −१चं वर्गमूळ असा. म्हणजे मॉड न लिहिता क-ला संमिश्र होऊ दिलं, तर हा फरक क-च्या पोटात जातो आणि अ ऋण होतो. तुमच्या मैत्रिणीचं उत्तर म्हणूनच जुळतं. पण क वास्तवच धरला असेल, तर मॉड गाळल्यावर फक्त धन उकली हाती लागतात.

ते कुठे अडतं ते पाहा. य′ = य(१−य), य(०) = २. संकलन केल्यावर लॉग|य/(१−य)| = क्ष + क. मॉड नसता तर क्ष = ० घालताच लॉग(−२) समोर येतो आणि गाडी थांबते. मॉड काढून य/(१−य) = अ·ई^क्ष लिहिलं की अ = −२, आणि य = २ई^क्ष/(२ई^क्ष − १). ही उकल क्ष > −लॉग २ इथेच वैध आहे. छेद शून्य होतो त्याच्या पलीकडे तिला नेता येत नाही. इथेही भागताना गळलेल्या य = ० आणि य = १ या दोन उकली यादीत घालाव्यात.

मॉड क्ष-वर असतो तेव्हा मात्र नीट थांबा. क्ष·य′ = २य घ्या. लॉग|य| = २लॉग|क्ष| + क, म्हणून य = अ·क्ष². पण क्ष शून्य असताना १/क्ष-ला अर्थ नाही, म्हणून डावीकडचा आणि उजवीकडचा अंतराल वेगळा, आणि दोन्हींचे स्थिरांकही वेगळे असू शकतात. डावीकडे ३क्ष² आणि उजवीकडे −७क्ष² असं जोडून पाहा : शून्यापाशी दोन्हींची किंमत शून्य, उतारही शून्य, मूळ समीकरण सगळीकडे पाळलं जातं. म्हणून य(−१) = ३ एवढंच दिलं असेल, तर उत्तर ‘य = ३क्ष², क्ष < ०’ असं लिहा. उजवीकडे काय होतं ते त्या अटीवरून ठरत नाही.