सध्याची वेळ की सध्याचा वेळ?

प्रश्न असा आहे : पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या एका स्क्रिप्टमधून संगणकाच्या घड्याळाप्रमाणे मराठी ओळी छापायच्या आहेत. त्यांत 'सध्याचा वेळ' लिहावे की 'सध्याची वेळ', 'तारीख' बरी की 'दिनांक', आणि एएम-पीएमचे काय करावे?

'वेळ' हा शब्द मराठीत दोन लिंगांत वावरतो आणि लिंग बदलले की अर्थही बदलतो. घड्याळाच्या तबकडीवर बोट ठेवून दाखवता येतो तो क्षण स्त्रीलिंगी : जेवायची वेळ झाली, गाडीची वेळ टळली. जो लागतो, पुरतो किंवा वाया जातो, तो मात्र पुल्लिंगी : फार वेळ गेला, वेळ उरला नाही. पहिलीचे अनेकवचन होते, 'कामकाजाच्या वेळा'; दुसरा मोजायचा तर तास-मिनिटांचाच आधार घ्यावा लागतो. प्रत्यय लागला की हा भेद अधिकच उघड होतो. 'काम वेळेत झाले' म्हणजे ठरलेली मुदत उलटण्याआधी झाले; 'काम थोड्या वेळात झाले' म्हणजे त्याला फारसे तास लागले नाहीत. थोड्या वेळात होणारे कामही वेळेत होत नाही, हे उशिरा सुरुवात करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते.

गंमत अशी की पायथॉननेही हाच भेद पाळला आहे. 'डेटटाइम' ही स्त्रीलिंगी वेळ, तर एका डेटटाइममधून दुसरा वजा केला की मिळणारा 'टाइमडेल्टा' हा पुल्लिंगी वेळ. हव्या त्या स्वरूपात छापून देणारे 'स्ट्रफटाइम' पहिलीला आहे, दुसऱ्याला नाही. ही अडचण चुकवण्यासाठी पुष्कळ जण लागलेले सेकंद, सेकंदांवरून घड्याळातली वेळ काढणाऱ्या 'जीएमटाइम'मधून फिरवून स्ट्रफटाइमच्या हवाली करतात, म्हणजे लागलेल्या वेळाला घड्याळातली वेळ करून टाकतात. मग ९०,००० सेकंद, म्हणजे २५ तास, चाललेल्या कामापुढे '०१:००:००' छापले जाते, कारण तास-मिनिटे-सेकंदांच्या त्या साच्यात उलटून गेलेल्या दिवसाला जागाच नसते.

तेव्हा तुमच्या ओळी 'सध्याची वेळ', 'सुरू झाल्याची वेळ' आणि 'लागलेला वेळ' अशा असाव्यात.

'तारीख' अरबीतून आलेली, 'दिनांक' संस्कृतातला, दोन्ही चालतात. विशेषणाचे लिंग तेवढे सांभाळावे : आजची तारीख, आजचा दिनांक. पुढे नुसता आकडा येणार असेल तर 'दिनांक' शोभतो, पण पूर्ण वाक्य असेल तर मी 'तारीख'च वापरीन. 'तिथी' मात्र लिहू नये. ती चंद्राच्या गतीवर ठरते, मध्यरात्री बदलत नाही आणि स्ट्रफटाइमला तिचा पत्ताही नसतो.

एएम-पीएमसाठी 'म.पू.' (मध्यान्हपूर्व) आणि 'म.उ.' (मध्यान्होत्तर) अशी संक्षिप्त रूपे सुचवली जातात. ती अर्थाने चूक नाहीत, पण तसे कोणी बोलत नाही. आपण 'दुपारी २:३०' म्हणतो, म्हणजे प्रहर आकड्याच्या आधी येतो आणि दिवसाचे तुकडेही दोनच नसतात : पहाटे ४, सकाळी ९, रात्री ११. स्ट्रफटाइमला द्यायच्या साच्यात टक्क्याच्या चिन्हापुढे छोटा पी लिहून दिवसाचे दोनच अर्धे मिळतात, म्हणून तास तपासून योग्य प्रहर निवडणाऱ्या चार-पाच ओळी स्वतःच लिहाव्यात. तेवढा वेळ नसेल तर सरळ १४:३० छापावे.