फॉस्फेट नेमके कोणत्या सेरीनवर? पेप्टाइड मायक्रोॲरेविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या प्रथिनावर पीकेए हे कायनेज (फॉस्फेट बसवणारे विकर) फॉस्फेट बसवते, एवढे कळले आहे. ते कोणत्या सेरीनवर (हे एक अमिनो आम्ल) बसते हे पेप्टाइड मायक्रोॲरेने, म्हणजे प्रथिनाचे छोटे तुकडे ठिपक्यांसारखे बांधलेल्या काचपट्टीने, शोधायचे आहे. पेप्टाइड्स किती लांबीचे घ्यावेत आणि किती? (संशोधक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर: आखणी चांगली झाली की निम्मे काम झाले, म्हणून इथे सविस्तर लिहितो. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असे प्रथिन उदाहरणाला घेऊ: क्रेब, हे जनुके चालू करणारे प्रथिन. त्याच्या ३४१ अमिनो आम्लांच्या रूपात पीकेए १३३ क्रमांकाच्या सेरीनवर फॉस्फेट बसवते. हे आपल्याला माहीत नाही असे धरून चाला.

पेप्टाइड १५ अमिनो आम्लांचे घ्या आणि प्रत्येक पुढचे पेप्टाइड तीन घरे सरकवा: १ ते १५, ४ ते १८, ७ ते २१. अशी १०९ होतात. शेवटची दोन अमिनो आम्ले सुटतात, त्यांच्यासाठी ३२७ ते ३४१ हे आणखी एक, म्हणजे एकूण ११०. प्रत्येकाचे तीन ठिपके धरले तर ३३० ठिपके, ते एका काचपट्टीवर सहज मावतात. खर्च वाचवायला पाच-सहा घरे सरकवण्याचा मोह होतो, तो टाळा. तीन घरे सरकवली की टोके सोडून प्रत्येक अमिनो आम्ल पाच पेप्टाइड्समध्ये वेगवेगळ्या जागी येते, आणि खरी माहिती त्या पाच ठिपक्यांच्या तुलनेतून मिळते.

सेरीन १३३ हे १२१, १२४, १२७, १३० आणि १३३ पासून सुरू होणाऱ्या पेप्टाइड्समध्ये येते. पीकेएला सेरीनच्या आधी तिसऱ्या आणि दुसऱ्या जागी आर्जिनीन हवे असते, इथे ती १३० आणि १३१ वर आहेत. त्यामुळे १३३ पासून सुरू होणाऱ्या पेप्टाइडात सेरीन असूनही ठिपका कोरा राहायला हवा. १३० पासून सुरू होणाऱ्यात पहिले आर्जिनीन काचेला बांधलेल्या टोकाशीच येते, तो ठिपका फिका असू शकतो. उरलेले तीन ठळक. असा शेजारच्या ठिपक्यांचा चढउतार जुळला तर जागा खरी माना. आजूबाजूला काहीच नसताना एकच ठिपका चमकत असेल, तर आधी धुळीचा कण किंवा छपाईतील दोष शोधा.

हे झाले तरी उत्तर पूर्ण नाही. १२४ ते १३८ या पेप्टाइडात सेरीन १२९, सेरीन १३३ आणि टायरोसीन १३४ अशा तीन जागा आहेत. ठिपका फक्त पेप्टाइडाने फॉस्फेट घेतले एवढे सांगतो. म्हणून निवडक पेप्टाइड्सची दुसरी पट्टी करावीच लागते. तिच्यात १२९ च्या जागी ॲलॅनीन, १३३ च्या जागी ॲलॅनीन आणि दोन्ही जागी ॲलॅनीन अशी तीन रूपे मूळ पेप्टाइडाशेजारी ठेवा. थ्रिओनीन असेल तर तेही ॲलॅनीनने बदला, टायरोसीन असेल तर फिनाइलॲलॅनीनने. पहिल्या पट्टीवर जागा ‘सापडली’ म्हणून थांबणे ही या पद्धतीतली सर्वात महाग चूक आहे.

पेप्टाइड्स मागवताना दोन गोष्टी आवर्जून तपासा. पेप्टाइड काचेला एकाच ठरलेल्या टोकाने बांधलेले असावे आणि मध्ये लवचीक दुवा असावा. इपॉक्सी किंवा अल्डिहाइडच्या पृष्ठभागावर लायसीनची बाजूची साखळीही चिकटते. मग कायनेजला हवा तोच भाग काचेला जखडला जातो. दुसरे म्हणजे सिस्टीन. टोकाच्या सिस्टीनने बांधणी करताना आतले सिस्टीन बदलावे लागते, आणि आकार जवळचा म्हणून बरेच जण तिथे सेरीन घालतात. त्याने मूळ प्रथिनात नसलेली नवीच जागा तयार होते. त्याऐवजी ॲलॅनीन घाला.

प्रश्न: पट्टीवर जवळजवळ सगळेच ठिपके चमकतात, कायनेज कमी केले तरी. दुधाच्या पावडरीने ब्लॉकिंग (पट्टीची रिकामी जागा झाकणे) करतो. कुठे चुकते? (प्रयोगशाळा तंत्रज्ञ, नागपूर)

उत्तर: पहिला संशय दुधावरच. दुधातल्या केसीन या प्रथिनावर मुळातच फॉस्फेट असते, शिवाय अनेक कायनेज त्यावर आणखी बसवतात. म्हणजे फॉस्फेट ओळखणाऱ्या रंगासाठी तुम्ही सगळी पट्टीच रंगवून ठेवता. टीबीएसमधले (ट्रिस आणि मिठाचे बफर) १ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन) वापरा.

दुसरे कारण पटकन लक्षात येत नाही. कायनेज स्वतःवरही फॉस्फेट बसवते आणि मग काही पेप्टाइड्सना चिकटून राहते. तिथे चमकते ते कायनेज. म्हणून अभिक्रियेनंतर पट्टी आधी १ मोलर मीठ आणि ०.१ टक्का एसडीएस (तीव्र डिटर्जंट) असलेल्या द्रावणात धुवा, मग ट्वीन (सौम्य डिटर्जंट) घातलेल्या टीबीएसने, शेवटी शुद्ध पाण्याने. तरीही ठिपके तसेच राहिले तर ८ मोलर युरिया आणि १ टक्का एसडीएस. पेप्टाइड सहसंयुज बंधाने बांधलेले असल्याने ते निघत नाही. मात्र एसडीएस पूर्ण निघून जायला हवे, नाहीतर पुढचा रंग नीट बसत नाही.

अभिक्रियेसाठी सुरुवात अशी करा: ट्रिस ५० मिलिमोलर, पीएच ७.५, मॅग्नेशियम क्लोराइड १० मिलिमोलर, डीटीटी १ मिलिमोलर, ब्रिज-३५ ०.०१ टक्का, एटीपी (फॉस्फेट पुरवणारा रेणू) १०० मायक्रोमोलर, कायनेज ५० नॅनोमोलर. टायरोसीन कायनेज असेल तर थोडे मँगनीजही घाला. ३० अंश सेल्सियसला एक तास, ओलसर बंद डबीत. डबी कोरडी असली तर कडेचे द्रावण आटते आणि कडेचे ठिपके खोटे ठळक होतात. सगळेच ठिपके उजळले तर वेळ १० मिनिटांवर आणा, कारण तासाभरात कायनेजला कमी आवडणारी पेप्टाइड्सही जास्त आवडणाऱ्यांना गाठतात आणि फरक पुसला जातो.

तुलनेसाठी किमान तीन पट्ट्या हव्यात: कायनेज नसलेली, एटीपी नसलेली, आणि त्या कायनेजचा रोधक घातलेली. पीकेएसाठी पीकेआय हे रोधक पेप्टाइड चांगले. प्रत्येक पट्टीवर केम्प्टाइड (ज्यावर पीकेए सहज फॉस्फेट बसवते असे पेप्टाइड) आणि कारखान्यातच फॉस्फेट बसवून आलेले एक पेप्टाइड ठेवा. पहिले कायनेज जिवंत आहे हे सांगते, दुसरे रंग बसला हे सांगते. एटीपी नसलेल्या पट्टीवरही चमकणारे ठिपके सरळ वगळा.

प्रश्न: फॉस्फेट बसले हे ओळखायला काय वापरावे: किरणोत्सारी एटीपी, रंग की प्रतिपिंड?

उत्तर: टायरोसीनसाठी प्रतिपिंड. ४जी१० आणि पीवाय२० ही जुनी, भरवशाची नावे आहेत. सेरीन-थ्रिओनीनसाठी शेजारचे अमिनो आम्ल न पाहता ओळखणारे तितके चांगले प्रतिपिंड नाही, म्हणून तिथे प्रो-क्यू डायमंड हा रंग. अंधारात तासभर रंगवा, मग २० टक्के ॲसिटोनायट्राइल आणि ५० मिलिमोलर सोडियम ॲसिटेट, पीएच ४, यात रंग उतरवा. ५३२ नॅनोमीटर लेझरच्या स्कॅनरवर पट्टी वाचता येते.

संवेदनशीलतेत किरणोत्सारी पद्धत अजूनही सरस आहे. फॉस्फरस-३३ घ्या. त्याच्या बीटा कणांची ऊर्जा फॉस्फरस-३२ च्या मानाने खूप कमी असते, म्हणून ठिपके एकमेकांत पसरत नाहीत, आणि अर्धायुष्यही सुमारे १४ ऐवजी २५ दिवस मिळते. इथे साधे एटीपी १० मायक्रोमोलरच्या आसपास ठेवा, जास्त झाले तर किरणोत्सारी एटीपी त्यात हरवते. संस्थेकडे अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी असल्याशिवाय हा मार्ग धरू नका.

प्रश्न: जीएसके-३ हे कायनेज वापरले, तर एकही ठिपका नाही. कायनेज चांगले आहे, दुसऱ्या चाचणीत काम करते. (पीएचडी विद्यार्थी, मुंबई)

उत्तर: जीएसके-३ ला बहुतेक ठिकाणी आधीच बसलेले एक फॉस्फेट लागते, आपल्या जागेच्या चार घरे पुढे. क्रेबमध्ये पीकेएने १३३ वर फॉस्फेट बसवले की मग जीएसके-३ सेरीन १२९ वर बसवते. कोऱ्या पेप्टाइड्सच्या पट्टीवर हे दिसणारच नाही. १३३ वर फॉस्फोसेरीन घालूनच पेप्टाइड तयार करून घ्या. अशा पट्टीवर प्रो-क्यू चालणार नाही, कारण आधीचे फॉस्फेटही रंगते. इथे फॉस्फरस-३३ च हवा.

प्रश्न: पेशींचा अर्क थेट पट्टीवर घातला तर कोणते कायनेज सक्रिय आहे ते कळेल का? आणि पट्टीवर सापडलेली जागा पेशीत खरी मानावी का?

उत्तर: पहिल्याचे उत्तर: सुगावा लागतो, नाव कळत नाही. माणसात पाचशेच्या वर कायनेज आहेत आणि एकच पेप्टाइड अनेकांना आवडते. अर्क बर्फावर ठेवा, फॉस्फेटेजचे (फॉस्फेट काढणाऱ्या विकरांचे) रोधक घाला, आणि प्रोटिएज रोधकाची गोळी ईडीटीए नसलेली आहे ना ते पाहा. ईडीटीए मॅग्नेशियम ओढून घेते आणि पट्टी कोरी राहते.

दुसऱ्याचे उत्तर: नाही. सुटे पेप्टाइड कायनेजपुढे मोकळे असते, पूर्ण प्रथिनात तीच जागा घडीत दडलेली असू शकते. उलटही घडते. ईआरके हे कायनेज प्रोलीनच्या आधीचे सेरीन किंवा थ्रिओनीन पकडते खरे, पण प्रथिनाचा दूरचा एक तुकडा ईआरकेच्या खाचेत बसतो तेव्हा. १५ च्या पेप्टाइडात तो तुकडा नसतो, म्हणून खरी जागाही फिकी दिसते. पट्टीवर सापडलेली जागा पूर्ण प्रथिनात ॲलॅनीनने बदला, फॉस्फेट घेणे थांबते का पाहा, आणि पेशीतून काढलेल्या प्रथिनावर मास स्पेक्ट्रोमेट्रीत ७९.९७ डाल्टनची वाढ शोधा.

ती शोधताना ट्रिप्सिनवर (आर्जिनीन आणि लायसीननंतर प्रथिन तोडणारे विकर) विसंबू नका. क्रेबची ही जागा आर्जिनीनांनी वेढलेली आहे. ट्रिप्सिन तिचे पाच अमिनो आम्लांचे तुकडे करते आणि एवढा छोटा तुकडा यंत्राकडून बहुधा निसटतो. ग्लू-सी (ग्लुटामेटनंतर तोडणारे विकर) वापरले तर छेद १२६ च्या ग्लुटामेटनंतर बसतो आणि १२९, १३३ दोन्ही एकाच लांब तुकड्यात येतात.