रात्रीचं ते स्टेशन खरं की भुताचं?

प्रश्न : ७ मेगाहर्ट्झच्या हौशी बँडसाठी मी एसए६१२ हा मिक्सर (आलेल्या सिग्नलची फ्रिक्वेन्सी बदलणारा) आयसी घालून रिसीव्हर बांधला आहे. आयएफ, म्हणजे मिक्सरनंतरची ठरावीक मधली फ्रिक्वेन्सी, ४५५ किलोहर्ट्झ. दिवसा झकास चालतो. अंधार पडला की ७.१६०च्या आसपास दोन प्रसारण केंद्रं एकमेकांवर चढलेली ऐकू येतात, एकाचं बोलणं आणि दुसऱ्याचं गाणं. एसए६१२ काढून कमी डिस्टॉर्शनचा एडी८३१ लावला तर हे थांबेल का?

उत्तर : बहुधा थांबेल. पण आयसी मागवण्याआधी एक संध्याकाळ मला द्या.

१५० ओहमचे दोन रेझिस्टर आणि ३९ ओहमचा एक घ्या. ३९चा अँटेनाच्या वाटेत, १५०चा एकेक त्याच्या दोन्ही टोकांपासून ग्राउंडला. झाला सुमारे ६ डेसिबलचा ॲटेन्युएटर, म्हणजे सिग्नल क्षीण करणारा तुकडा. तो मध्ये घालून त्याच जागी कान द्या. खरं स्टेशन ६ डेसिबलने, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरवर एका घराने उतरेल. मिक्सरमध्ये जन्मलेलं भूत मात्र १८ डेसिबलने, तीन घरांनी कोसळेल. मीटर नसला तरी हा फरक कानाला कळतो.

एवढं का कोसळतं? समजा, ७.२६० आणि ७.३६० वर दोन जोरदार केंद्रं आहेत. मिक्सर पुरता सरळ वागत नसला की पहिल्याची दुप्पट वजा दुसरं, असा एक नवा सिग्नल तो स्वतःच तयार करतो : ७.१६०. दोघांचंही मॉड्युलेशन (बोलणं, गाणं) त्यात उतरतं, म्हणून तुम्हाला दोन कार्यक्रम एकावर एक ऐकू येतात. मूळ सिग्नल १ डेसिबल कमी केले की ही पैदास ३ डेसिबल कमी होते.

आता तुमच्या आयसीचा हिशेब. आयपी-थ्री म्हणजे जोरदार सिग्नलसमोर मिक्सर किती सरळ वागतो याचं माप, जितकं जास्त तितकं चांगलं; डीबीएम म्हणजे एक मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबल. एसए६१२चा इनपुट आयपी-थ्री साधारण उणे १५ डीबीएम. दोन्ही केंद्रं उणे ३५ डीबीएमने आली, तर भूत उणे ७५ डीबीएमचं. शॉर्टवेव्हवर एस-मीटरचं एस-९, म्हणजे जोरदार सिग्नलचं घर, उणे ७३ला येतं, तेव्हा हे भूत जवळजवळ एस-९ने बोलतं! एडी८३१चा आयपी-थ्री अधिक २४. त्याच दोन केंद्रांचं भूत तिथे उणे १५३ला जातं, रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीच्याही खूप खाली. हा आयसी मला मनापासून आवडतो. एवढी क्षमता डायोड रिंग या चार डायोडच्या मिक्सरकडून हवी असेल तर लोकल ऑसिलेटरची (फ्रिक्वेन्सी बदलण्यासाठी मिक्सरला सिग्नल देणाऱ्या सर्किटची) ताकद अधिक १७ डीबीएमच्या घरात लागते. याला उणे १० पुरते. किंमत मोजावी लागते ती करंटमध्ये. एसए६१२ अडीच मिलिॲम्पिअरसुद्धा खात नाही, हा शंभराच्या आसपास खातो आणि हाताला गरम लागतो. बॅटरीवर चालवणार असाल तर याचा विचार आधी करा. नॉइज फिगर, म्हणजे स्वतःच्या खरखरीचं माप, एसए६१२पेक्षा वाईट आहे, पण ७ मेगाहर्ट्झवर आकाशातलाच आवाज इतका असतो की त्याची चिंता नको.

आवाज फक्त ६ डेसिबलने उतरला तर? मग ते स्टेशन खरोखर आकाशात आहे, कदाचित भलत्याच ठिकाणी. तुमचा ऑसिलेटर सिग्नलच्या ४५५ किलोहर्ट्झ वर चालत असेल, तर ७.१६० लावल्यावर ऑसिलेटरच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावरचं ८.०७० देखील त्याच आयएफमध्ये येतं. ती इमेज. तिला कुठलाही महागडा मिक्सर रोखत नाही. अँटेनाकडचा फिल्टर सुधारा किंवा आयएफ वर न्या.

आणि अँटेना व मिक्सर यांच्या मध्ये आरएफ ॲम्प्लिफायर (सिग्नल वाढवणारा) असेल तर आधी तो बाजूला काढून ऐका. माझ्या एका रिसीव्हरमध्ये मी मिक्सर बदलला, तरी भुतं जशीच्या तशी. ती त्या आधीच्या एकाच ट्रान्झिस्टरमध्ये तयार होत होती. शिवाय १५ डेसिबल गेन म्हणजे मिक्सरमधल्या भुताला ४५ डेसिबलचं खतपाणी. तो ट्रान्झिस्टर काढून अँटेना थेट बँडपास फिल्टरला (हवा तेवढाच बँड आत सोडणाऱ्या) जोडली आणि त्याच रात्री ७.१६०वर एक बारीकसा मोर्स सिग्नल ऐकू आला. तो तिथे आधीही असणार, दोन केंद्रांच्या गलक्याखाली दबलेला.

एडी८३१ बसवलात तर त्याच्या आउटपुटकडे लक्ष द्या. क्रिस्टल फिल्टर थेट जोडू नका; पासबँडबाहेर तो मिक्सरला भलताच भार दाखवतो आणि कमावलेले डेसिबल तिथेच गळतात. मध्ये डायप्लेक्सर (नको त्या फ्रिक्वेन्सी रेझिस्टरमध्ये जिरवणारं सर्किट) किंवा छोटा ॲटेन्युएटर ठेवा.