राजीनामा लिहून देऊ नका: आयातीमुळे काम गेलेल्या कामगाराचे हक्क

प्रश्न: पुणे जिल्ह्यातल्या एका कारखान्यात विजेच्या छोट्या मोटारींच्या वाइंडिंग विभागात मी ११ वर्षे ८ महिने काम करतो. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १९,५०० रुपये, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो. कारखान्यात १४० कामगार आहेत. मालक आता तयार मोटारी चीनमधून आणणार असल्याने आमचा विभाग बंद होतोय. ‘राजीनामे द्या, सगळे धरून दोन महिन्यांचा पगार देतो’ असे आम्हाला सांगितले आहे. परदेशी मालामुळे नोकरी गेली तर अमेरिकेत सरकार मदत करते म्हणतात. आपल्याकडे तसे काही आहे का?

उत्तर: राजीनाम्यावर सही केली नसेल तर करू नका. तुम्ही स्वतःहून सोडले की तुम्हाला कमी केले, या एका नोंदीवर तुमचे बहुतेक पैसे अवलंबून आहेत.

अमेरिकेत १९७४ च्या व्यापार कायद्याखाली तशी योजना होती. नव्याने प्रशिक्षण आणि बेकारी भत्ता संपल्यानंतरचा भत्ता तीतून मिळे. १ जुलै २०२२ पासून तिथेही नव्या अर्जांची छाननी थांबली. आपल्याकडे आयातीचा फटका बसलेल्या कामगारासाठी वेगळी योजना नाही. अँटी-डम्पिंग शुल्काची, म्हणजे फार स्वस्तात आणून ओतलेल्या परदेशी मालावरच्या जादा कराची, मागणी उत्पादक करतात आणि शुल्क लागले तरी त्यातले काही थेट कामगाराच्या हातात पडत नाही. त्यामुळे तुम्हाला कामगार कायदा आणि ईएसआय यांच्याच आधारे उभे राहावे लागेल, आणि तो आधार दोन महिन्यांच्या पगारापेक्षा बराच मोठा आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. तिच्या कलम ७० प्रमाणे कपात करताना, म्हणजे मालकाने कामगार कमी करताना, एक महिन्याची कारणासह लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, आणि वरचे महिने सहापेक्षा जास्त असतील तर तेही एक वर्ष. तुमची वर्षे १२ धरली जातील. अर्ध्या महिन्याचे ९,७५० रुपये, म्हणजे भरपाई १,१७,००० रुपये. ग्रॅच्युइटी निराळी: १९,५०० ला २६ ने भागून १५ ने गुणा, ११,२५० येतात, १२ वर्षांचे १,३५,०००. नोटिशीचे १९,५०० धरून बेरीज २,७१,५०० रुपये होते. मालक देऊ करतोय ३९,०००. ग्रॅच्युइटी राजीनामा देऊनही मिळते, कारण सेवा पाच वर्षांच्या वर आहे. बाकीचे मात्र हातचे जाते.

‘चिनी मालापुढे आमचा इलाज नाही, हे आमच्या हाताबाहेरचे आहे’ हे वाक्य तुमच्या कानावर येईलच. ते उगाच म्हटले जात नाही. मालकाच्या आवाक्याबाहेरच्या अटळ कारणाने उपक्रम बंद झाला तर कलम ७५ प्रमाणे भरपाई तीन महिन्यांच्या सरासरी पगारापुरती मर्यादित होते. पण केवळ आर्थिक अडचण, तोटा किंवा न खपलेल्या मालाचा साठा ही अटळ कारणे धरायची नाहीत, असा खुलासा त्याच कलमात आहे. स्वस्त आयातीचा परिणाम यापलीकडे क्वचितच जातो.

‘बंद’ आणि ‘कपात’ यांतला आणखी एक फरक लक्षात ठेवा. कलम ८३ च्या पुनर्कौशल्य निधीत मालकाने प्रत्येक कामगारामागे १५ दिवसांचा शेवटचा पगार भरायचा असतो आणि तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात यायला हवा. हे फक्त कपातीला लागू आहे. कारखाना चालू राहून एकच विभाग जात असेल तर ही कपातच आहे, असे प्रत्येक अर्जात लिहा. तुमच्या पत्रात अचानक ‘सुपरवायझर’ हा हुद्दा दिसला तर तिथल्या तिथे लेखी हरकत घ्या. १८,००० च्या वर पगार घेणारा पर्यवेक्षक ‘कामगार’ या व्याख्येतून बाहेर पडतो.

आता ईएसआय. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत कपात किंवा कारखाना बंद पडल्याने बेकार झालेल्या आणि किमान दोन वर्षे वर्गणी भरलेल्या विमाधारकाला जास्तीत जास्त २४ महिने भत्ता मिळतो, पहिले वर्ष सरासरी वेतनाच्या निम्मा, पुढे कमी दराने. या काळात कुटुंबाचे औषधपाणीही चालू राहते. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून ९० दिवसांपर्यंत निम्मे वेतन मिळते, पण आयुष्यात एकदाच. दोन्ही एकदम घेता येत नाहीत; तुमच्यासाठी पहिली फायद्याची. अर्ज बहुधा अडतो तो मालकाने भरलेल्या कारणावर: मासिक वर्गणीच्या नोंदीत ‘कपात’ऐवजी ‘नोकरी सोडली’ असे गेले की शाखा कार्यालय अर्ज परत करते. म्हणून कपातीचे पत्र हातात घ्या आणि नोंद काय झाली ते ईएसआयच्या पोर्टलवर पाहा.

मालक पत्र देत नसेल तर कामावर हजर होत राहा. गेटवर अडवले तर त्याच दिवशी ‘काम करायला तयार आहे, राजीनामा दिलेला नाही’ असे पत्र रजिस्टर पोस्टाने आणि ईमेलने पाठवा. पगाराच्या पावत्या, ईएसआय कार्ड, पीएफचे पासबुक आणि हजेरीचे फोटो आताच जमवा. गेट बंद झाल्यावर ते मिळवणे कठीण जाते. कपात झाल्यास पगाराचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता व्हायला हवा, ग्रॅच्युइटी ३० दिवसांत. तसे झाले नाही तर सहायक कामगार आयुक्तांकडे समेटासाठी अर्ज करा. युनियन नसली तरी एकटा कामगार हा अर्ज करू शकतो. मुदत दोन वर्षांची आहे, जुन्या कायद्यातली तीन वर्षे आता धरू नका.